वेशीवरची हाक

दॉ सेन न्युन वारली आणि थानबिनगोन गावात जो तो रडण्याआधी एकच विचारू लागला: आता हिला घरी कोण आणणार?

प्रश्न रास्त होता. तीसएक वर्षं ते काम तिचंच होतं. थानबिनगोनमध्ये बाहेर मेलेलं माणूस वेशीच्या आत आणत नाहीत, मग तो गावचा म्होरक्या असो नाहीतर भिकारी. प्रेत वेशीबाहेरच्या धर्मशाळेत उतरवायचं आणि तिथूनच परस्पर मसणवटीत न्यायचं. देह घरी येत नाही, पण जीव यावाच लागतो. माणसाचा जीव म्हणजे फुलपाखरू. देह सुटला की ते बावरतं, घर कुठे आणि आपण कुठे, त्याला काही कळत नाही. मग वेशीवर उभं राहून त्याला हाक मारायची, जांभळीच्या हिरव्या फांदीवर बसवून घरी आणायचं, सातव्या दिवसापर्यंत आपल्यात ठेवायचं, आणि त्या दिवशी भंत्यांना जेवू घालून, पुण्याचा वाटा देऊन मोकळं करायचं. सांगायला सोपं आहे. पण प्रत्यक्ष हाक मारायची वेळ आली की भल्याभल्यांचा घसा बसतो, म्हणून लोक सेन न्युनला घेऊन जात.

नावाआधीचं 'दॉ' सगळ्याच वडीलधाऱ्या बायकांना मानाने लावतात; ती कुणी मांत्रिक नव्हती. ताडाचा गूळ करणारी बाई. नवरा ताडावर चढून रस उतरवायचा, ही खाली चुलाणावर आटवायची. नवरा गेल्यावर दुसऱ्यांचा रस आणून आटवू लागली. तिच्या हातांना बाराही महिने गुळाचा वास असे, आणि गावातली पोरं उगाच तिचा हात धरायला येत.

युझना ही तिची नात. ती दोन वर्षांची असताना आई गेली, बाप दुसरं लग्न करून नदीपलीकडे स्थायिक झाला, तेव्हा आजीनेच तिला वाढवलं. आता ती छत्तीस वर्षांची होती, लग्न केलेलं नव्हतं, आणि घराच्या पडवीत शिलाईमशीन टाकून गावातल्या बायकांचे कपडे शिवायची. "अख्ख्या गावातल्या बायकांची मापं हिला पाठ आहेत," आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, "एका पुरुषाचं माप काही घेता आलं नाही."

"तुझं माप घेतलं तेवढं बास झालं मला," युझना दातांनी दोरा तोडता तोडता म्हणायची. मग दोघी हसायच्या, आणि पुढचं गिऱ्हाईक आलं की हाच खेळ पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा.

आजी भाविक होती, पण म्हणून ती शांत होती असं कुणी समजू नये. पहाटे उठून बुद्धापुढे पाण्याचे पेले आणि फुलं ठेवायची, हंडीतल्या भाताचा पहिला चमचा त्याचा. मग रांगेने भिक्षेला येणाऱ्या भंत्यांची वाट बघत अनवाणी दारात उभी. त्यानंतर एकशेआठ मण्यांची माळ: काही टिकत नाही, सगळं दुःख आहे, आपलं असं काही नाही, हे पालीत घोकायचं. माळ ओढताना डोळे मिटायचे असतात. आजीचा एक डोळा कायम अंगणात. "अनिच्चा... ए शेळे, सोड ती वेल!... दुक्खा... युझना, भात करपतोय... अनत्ता..." वर स्वभाव असा प्रामाणिक की मध्ये बोललं म्हणून माळ पुन्हा पहिल्या मण्यापासून. सातला सुरू केलेली माळ दहा वाजले तरी संपत नसे.

"आजी, शेळीलापण माळेतच मोज ना," युझना एकदा म्हणाली. "तेवढाच वेळ वाचेल."

"मोजते की. तुलापण मोजते. तुझ्यामुळेच अर्धी माळ दुक्खावर अडते."

पौर्णिमेला आणि अमावास्येला ती विहारात जाऊन आठ शीलं घ्यायची. त्या दिवशी दुपारनंतर अन्नाला स्पर्श नाही. त्यामुळे साडेअकराच्या सुमाराला विहाराच्या ओसरीवर सेन न्युन जे जेवायची ते बघण्यासारखं असे. खोटं न बोलण्याचं शील पाळायला तिला काहीच कष्ट पडत नसत, पण विहारात बसून गावाच्या भानगडी चघळण्यावरून भंत्यांनी एकदा तिला हटकलं होतं. "भंते," ती हात जोडून म्हणाली, "खोटं बोलू नये एवढंच सांगितलंय. खरं किती बोलावं, ते कुठे सांगितलंय?" थोरल्या भंत्यांनी तोंडापुढे पंखा धरला, तो बराच वेळ काढला नाही. पंख्यामागे ते हसत होते, असं तिची मैत्रीण दॉ म्या यिन आजही छातीठोकपणे सांगते.

युझना आठ वर्षांची असताना आजीच्या लुंगीला धरून पहिल्यांदा वेशीवर गेली. नावाडी को ए नदीत बुडून मेला होता. आजीने आधी त्याच्या घरी जाऊन तासभर चौकशी केली. शेवटचं काय बोलला, काय अर्धं राहिलं, कुणाशी बिनसलं होतं. बायको सांगेना. शेवटी म्हणाली, निघताना भांडून गेला, मी त्याला म्हटलं, परत येऊ नकोस. मग आजी वेशीवर आली, कमरेवर हात ठेवले आणि नदीकडे तोंड करून ओरडली, "को ए! बायको रागात बोलली ते धरून बसलास होय रे? बायकांचं ऐकायची सवय तुला कधीपासून लागली? चल, घरी चल. तिने वांगी केलीत." बायको मटकन खाली बसली आणि ढसाढसा रडली. आजीने फांदी उचलली आणि तिच्या हातात दिली.

वाटेत युझनाने विचारलं, "आजी, तो आला हे तुला कसं कळलं?"

"आला की नाही, ते कुणाला कळतं गं?" आजी म्हणाली. "आपण हाक अशी मारायची, की त्याला यावंसं वाटलं पाहिजे."

अशा किती हाका युझनाने ऐकल्या असतील. कारखान्यात कामाला गेलेली आणि तिथेच तापाने गेलेली सोळा वर्षांची पोर. लष्करात गेलेला हमालाचा मुलगा. शहरात लेकाकडे राहायला गेला आणि तिथेच डोळे मिटलेला शाळामास्तर. प्रत्येकाला आजीचा सूर निराळा. मास्तरला तिने अहो-जाहो केलं. त्या पोरीला नुसतं नावाने पुन्हा पुन्हा बोलावलं, अगदी हळू, अंगणातून आत बोलवावं तसं.

यंदा थंडी सरत आली, ताडाला रस धरू लागला, आणि आजीला धाप लागू लागली. चौऱ्याऐंशी वर्षांची छाती. बाजेवर उशीला टेकून ती माळ ओढायची, आणि आता मध्ये बोलायला दमच नसल्यामुळे माळ एका दमात पूर्ण व्हायची. युझनाला त्याचीच जास्त भीती वाटली.

एका सकाळी आजीने तिला जवळ बसवलं. "मला वेशीबाहेर नेऊ नकोस," ती म्हणाली. "काय व्हायचं ते इथे होऊ दे, बुद्धासमोर. मी इतक्यांना हाका मारल्या, पण मला मारणारं कुणी तयार केलं नाही. चुकलंच माझं."

"नाही नेणार."

"शब्द दे."

"दिला," युझना म्हणाली. म्हणताना तो खराच होता.

दहा दिवसांनी दुपारी आजीचे ओठ निळे पडले. डोळे वर गेले. युझनाने मशीनवरची कापडं तशीच टाकली आणि धावत सुटली. गावातल्या तीनचाकी मोटारसायकलवर चटई अंथरून तिने आजीला घातलं आणि शहराच्या इस्पितळाकडे निघाली. वेस ओलांडताना आजी शुद्धीवर होती. तिने युझनाकडे एकदा बघितलं आणि तोंड फिरवलं. पुढचे चार दिवस नळीतून हवा घेताना ती बरीही झाल्यासारखी वाटली, मुरवलेल्या चहापानांची कोशिंबीर हवी म्हणून हट्ट धरला, शेजारच्या खाटेवरच्या बाईची सगळी जन्मकुंडली काढून घेतली. पण त्या तोंड फिरवण्याबद्दल दोघींपैकी कुणीच चकार शब्द काढला नाही. पाचव्या दिवशी सकाळी, भंत्यांच्या भिक्षेच्या वेळेला, आजी गेली.

धर्मशाळेत तिला उतरवलं तेव्हा अर्धा गाव जमला होता. टिन टिन मावशी, म्हणजे आजीची धाकटी लेक, शहरातून आली आणि आल्या आल्या गावचा म्होरक्या ऊ बा थॉ याच्यासमोर उभी राहिली. "थॉ दादा, तिने तुमच्या गावातल्या किती जणांना घरी आणलं, आठवा. तिच्यासाठी एकदा नियम बाजूला ठेवा. एक रात्र घरात राहू दे तिला."

ऊ बा थॉचे डोळे सुजलेले होते. "माझा पोरगा रस्त्यावर अपघातात गेला तेव्हा मी हेच म्हणालो होतो," तो म्हणाला. "म्होरक्या आहे मी, माझ्यासाठी करा. तेव्हा सेन न्युन मावशी मला म्हणाली, थॉ, आज तुझ्यासाठी वेस उघडली तर उद्या गरिबाच्या पोरासाठी कुणी उघडेल का? मी ऐकलं तिचं. आता तिच्यासाठीच कसं मोडू?"

मावशीला राग कुठेतरी काढायलाच हवा होता, तो तिने युझनावर काढला. "तुला सांगितलं होतं ना तिने? शब्द दिला होतास ना? चार दिवस जास्त जगली, आणि त्याच्यापायी दाराबाहेर राहिली."

युझनाने मान खाली घातली. तिला जे स्वतःला बोलायचं होतं तेच मावशी बोलत होती, आणि मावशीने ते इतक्या मोठ्याने बोलल्यामुळे एका परीने बरंच वाटलं. आलेल्या माणसांना चहापानं, कलिंगडाच्या बिया आणि आजीचं नाव-वय छापलेले कागदी पंखे वाटत ती दोन दिवस इकडून तिकडे फिरत राहिली. तिच्या मनात एकच चाललं होतं. आजी आली नाही तर? इतकी वर्षं जिने दुसऱ्यांना वेशीवरून आत आणलं, ती स्वतः रुसून वेशीवरच बसून राहिली, तर ते युझनामुळे. मग जन्मभर वेशीतून येताजाता तिला तोंड कसं दाखवायचं?

तिसऱ्या दिवशी दुपारी आजीला माती दिली आणि सगळे वेशीवर आले. वेशीवरच्या राखणदाराच्या देवळीत नारळ-केळी ठेवून ऊ बा थॉने परवानगी मागितली. जांभळीची फांदी तोडून पायरीवर ठेवली. लेक म्हणून मावशीचा मान पहिला. ती पुढे झाली, घसा साफ केला, आणि तिचा आवाज निघाला तो शाळेच्या समारंभातल्या सूत्रसंचालकाचा. "हे आदरणीय माते, आपल्या सर्व कुटुंबीयांच्या वतीने..." पुढे ती अडखळली. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा "वतीने"पाशीच अडली, आणि तोंडाला लुंगीचा काठ लावून मागे सरकली.

"हिच्या हाकेला सेन न्युन जिवंतपणी कधी आली नाही, आता काय येते," दॉ म्या यिन म्हणाली. ती आजीच्याच वयाची, काठी टेकत आलेली. आजीशी सत्तर वर्षं मैत्री आणि सत्तर वर्षं भांडण. "युझना, तू मार."

"मी कशी मारू, म्या यिन आजी? मीच तर तिला बाहेर नेलं."

"मग? ज्याने नेलं त्यानेच आणायचं. उन्हात उभं राहून पाय मोडले माझे. मार लवकर."

युझना पायरीपाशी गेली. समोर तापलेला रस्ता, त्यापलीकडे ताडांची रांग. फुलपाखरू वगैरे कुठे काही नव्हतं. चहाच्या सांडलेल्या साखरेवर माश्या मात्र होत्या.

"आजी," ती म्हणाली. "घरी चल."

ते तिचं तिलाच पटलं नाही. भाजी घ्यायला बाजारात जाऊ या म्हटल्यासारखं वाटलं. मागे कुणीतरी खोकलं.

"आजी, मी शब्द मोडला," ती म्हणाली. "मला माहीत आहे. तू तोंड फिरवलंस तेव्हाच मला कळलं. पण तू निळी पडली होतीस. मी काय मशीन चालवत बसायला हवं होतं? माझे ओठ निळे पडले असते तर तू माळ ओढत बसली असतीस? केसांना धरून नेलं असतंस मला इस्पितळात, आणि वर रस्ताभर शिव्या दिल्या असत्यास!" तिचा आवाज चढला. घरात दोघींचं जुंपायचं तेव्हा चढायचा तसाच. "रागावलीस ना? रागव. मला चालेल. पण घरी येऊन रागव. इथे धुळीत बसून राग कसला धरतेस? शेळ्या तीन दिवस ओरडतायत, माझं कुणी ऐकत नाही. बुद्धापुढचे पेले मी आज भरले, एकही सरळ रेषेत बसला नाही, पाणी सांडलं, सगळं ओलं करून ठेवलंय मी. ये आणि बघ. ये आणि बोल मला काहीतरी. तीन दिवस झाले, मला एकही शिवी बसलेली नाही. मला सहन होत नाही गं हे. चल ना आता!"

बायका रडत होत्या आणि हसतही होत्या. ऊ बा थॉने डोक्याचा पंचा डोळ्यांवर दाबला. युझनाने वाकून फांदी उचलली. जड लागली की हलकी, हे नंतर तिला कितीही जणांनी विचारलं तरी आठवलं नाही. एवढंच आठवलं की मावशी पुढे झाली, आणि ऊन लागू नये म्हणून फांदीवर तिने छत्री धरली.

वेशीपासून घर दहा मिनिटांवर. पण सेन न्युन त्या वाटेने कधी दहा मिनिटांत घरी गेली नव्हती, प्रत्येक कुंपणापाशी तिला थांबायला लागायचं. म्या यिन काठी आपटत पुढे गेली आणि आपल्या कुंपणाआत जाऊन उभी राहिली. फांदी जवळ आली तशी ती खणखणीत आवाजात म्हणाली, "आलीस का गं सेन न्युन? पाय दुखले असतील."

युझना थबकली. मग तिच्या तोंडून आपोआप निघालं, "तुझ्याइतके नाहीत दुखत."

"अजून तशीच आहे फटकळ," म्या यिन समाधानाने म्हणाली आणि आत गेली. मग पुढच्या घरची सून दारात आली, सेन न्युन मावशी, पाणी पिऊन जा म्हणाली. त्यापुढच्या घरातून कुणी विचारलं, यंदा गूळ करणार ना? युझना आजीच्या वतीने प्रत्येकाला उत्तर देत गेली. कुणाला सुनेवरून टोमणा, कुणाला औषधाची चौकशी. घरी पोचायला तास लागला, आणि त्या तासाभरात तीन दिवसांत पहिल्यांदाच तिला भूक लागली.

फांदी आजीच्या बाजेवर, उशीशी ठेवली. त्यानंतरचे दिवस, खरं सांगायचं तर, युझनाचे फार सुखाचे गेले. सकाळी उठून ती फांदीशेजारी हिरव्या चहाचा पेला ठेवायची, पेले सरळ रेषेत लावायची आणि विचारायची, "आता तरी बसले ना नीट?" मशीन तिने पडवीतून आत, बाजेजवळ ओढून घेतलं. कुणाचं ब्लाउज तंग झालं आणि ती मात्र कापड आटल्याचं सांगते, हे आजीला सांगून ती एकटीच हसायची. मावशी स्वयंपाकघरातून बघायची. तिच्या मनातला राग आता ओसरला होता. एकदा तीच बाजेपाशी बसून फांदीला म्हणाली, "आई, मी वाईट बोलले गं युझनाला. तिच्या जागी असते तर मीही तुला इस्पितळात नेलंच असतं."

सहाव्या दिवशी दॉ म्या यिन उद्याच्या जेवणाचं ठरवायला आली. पाच भंते यायचे होते, मोहिंगाची, म्हणजे माशाच्या रश्शातल्या शेवयांची, मोठी हंडी चढवायची होती. बाजेपाशी येऊन ती टेकली आणि तिची नजर उशीकडे गेली. फांदी उशीवर नव्हती. काचेच्या पेल्यात, पाण्यात उभी होती. पानं टवटवीत.

"हे काय?"

"सुकायला लागली होती," युझना शिलाईवरून नजर न काढता म्हणाली.

"सुकणारच. सात दिवसांत सुकते म्हणून तर सात दिवस." म्या यिनने काठी बाजूला ठेवली. "मशीन थांबव जरा. तुझ्या आजीनेही घातली होती एकदा पाण्यात."

युझनाने पाय थांबवला.

"तुझी आई शहरात बाळंतपणात गेली. तू दोन वर्षांची. तेव्हा वेशीवर हाक सेन न्युननेच मारली, पहिली हाक ती. कशी मारली ते मी सांगणार नाही, मला सांगवणार नाही. तुझी आई आली घरी. ह्याच बाजेवर. आणि सातव्या दिवशी भंते जेवून बसले, पाणी सोडायची वेळ झाली, तर ही बया म्हणाली, उद्या. उद्याचं परवा झालं. फांदी पाण्यात घातली आणि तिला मुळं फुटली. मुळं बघून हिला कोण आनंद! पार वेडी झाली होती. तीन महिने, युझना. सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणणारी बाई, अनिच्चा अनिच्चा करून जिभेला घट्टे पडलेली, आणि पोरीला सोडेना. थोरले भंते रोज भिक्षेला यायचे, पेल्याकडे बघायचे आणि जायचे."

"मग?"

"मग एक दिवस तू तुझ्या ताटलीतला भात नेऊन त्या पेल्यात घातलास. आई जेव, म्हणालीस. दोन घास घातलेस आणि तोंड उघडायची वाट बघत बसलीस." म्या यिन थांबली. "सेन न्युन चुलीजवळ होती. तिने ते बघितलं. उठली, फांदी बाहेर काढली आणि विहारात निघाली. मीपण गेले बरोबर. लोक तिला हाक मारायला बोलवायचे, ते तू बघितलंस. पण सातव्या दिवशी मोकळं करतानाही तिलाच शेजारी बसवून घ्यायचे. का, ते आता कळलं ना?"

आपल्या आजीला कधी कशाला धरून बसावंसं वाटलं असेल, हे इतक्या वर्षांत युझनाच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या आठवणीतली आजी नेहमी दुसऱ्याला जा म्हणणारी, ऊठ म्हणणारी, सोड म्हणणारी. म्या यिन गेल्यावर तिने पेल्यातून फांदी काढली, देठ लुंगीला पुसला आणि ती परत उशीवर ठेवली. रात्रीतून पानांच्या कडा तपकिरी झाल्या.

सातव्या दिवशी सकाळी भंते आले. जेवले. गाव ओसरीपासून अंगणापर्यंत दाटीवाटीने बसला होता. थोरल्या भंत्यांनी सुत्तं म्हटली, मावशीने चंबूतून वाटीत थेंब थेंब पाणी सोडलं, आणि केलेल्या सगळ्या पुण्याचा वाटा जिवाजंतूंना, देवांना, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आणि दॉ सेन न्युनला वाटून दिला. "साधू, साधू, साधू," अंगण म्हणालं. आता शेवटचं उरलं होतं. जिने हाक मारली तिनेच निरोप द्यायचा. भंत्यांनी पंखा खाली ठेवला आणि युझनाकडे बघितलं. त्यांनी घाई केली नाही. मावशीने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला.

युझना बाजेपाशी गुडघ्यांवर बसली. कालपासून तिने मनाशी वाक्यं जुळवली होती, तिला त्यातलं एकही आठवेना.

"आजी," ती म्हणाली, "आलीस, बरं वाटलं. मला चार दिवस दिलेस. आता तुझा वाटा तुला दिला. शेळ्या मी बघते, पेले मी बघते. तू आता कुणाची नाहीस. जा."

तिने फांदी उचलून दोन्ही हातांत धरली. म्या यिनने हात जोडले होते. युझनाला वाटलं, झालं, आता उठावं. पण ती उठली नाही. पुढे वाकून, दुसऱ्या कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, तिने उरलेलं सांगून टाकलं.

"आणि हे बघ. वाटेत मागून हाक ऐकू येईल. ती माझीच असेल. मी रोज मारीन, मला माहीत आहे, माझ्याने राहवणार नाही. तू वळू नकोस."